भिंतीत शिरलेली वाळवी

अपर्णानं वाळवीच्या वारुळावरून कल्पना घेऊन भिंत तयार केली होती. बाहेर ऊन रणरणत असताना वारूळ आतून गार कसं राहतं, याचा चार वर्षं अभ्यास करून तिनं मातीत भाताचा पेंढा कालवून पाट्या बनवल्या. हवा खेळावी म्हणून त्यांच्या आत बारीक नळ्या ठेवल्या. दिलसुखनगरच्या मागच्या वस्तीत पत्र्याच्या बारा खोल्यांच्या भिंतींना त्या आतून बसवल्या. पहिल्याच उन्हाळ्यात खोल्यांचं तापमान पाच अंशांनी उतरलं. पेपरात फोटो आला.

पुढच्या मार्चमध्ये ती पाहणीला निघाली, तेव्हा सासरे हिम्मतराव सोबत आले. अफझलगंजला त्यांचं चाळीस वर्षं लाकडाचं दुकान होतं. आता घरात बसून त्यांचा जीव आंबून जाई.

पहिलीच खोली प्रियदर्शिनीची. पलंगावर तिची सात महिन्यांची मुलगी झोपली होती.

"ताई, एकदम थंडा रूम आहे बघा," ती कौतुकानं सांगत होती.

अपर्णा भिंतीला थर्मामीटर लावत होती. हिम्मतराव मात्र पत्रा पेलणाऱ्या मधल्या लाकडी खांबापाशी थांबले. त्यांनी बोटानं खांब वाजवला. पुन्हा वाजवला.

"अपर्णा, इकडं ये."

"एक मिनिट, बाबा."

"आत्ता ये."

त्यांनी अंगठा दाबला आणि तो सरळ खांबात शिरला. वरच्या पापुद्र्याखाली लाकूड उरलंच नव्हतं. भुशात पांढरे किडे वळवळत होते. खांबापासून मातीची एक रेघ भिंतीपर्यंत गेली होती. अपर्णानं पाटीचा कोपरा उचकटला. तिनं ठेवलेल्या नळ्यांमधून वाळवी रांगेनं चालली होती. पेंढा फस्त झाला होता. चुन्यानं वाळवी दूर राहते, पण हवेची छिद्रं बुजतात म्हणून मातीतला चुना तिनंच वगळला होता.

ती वाकून नळ्यांत बघू लागली.

"काय बघालीस? लेकराला उचल!" हिम्मतराव ओरडले.

प्रियदर्शिनीनं मुलीला उचललं आणि सगळे बाहेर धावले. शेजारी टेकूला बांबू आणायला गेले, पण ते यायच्या आधीच खांब मधोमध खचला. पत्रा कलला आणि त्या पलंगावर आदळला. मुलगी दचकून रडायला लागली.

मुलीला खांद्यावर घेऊन प्रियदर्शिनी अपर्णाकडे वळली.

"ताई, तुम्हाला मालूम होतं?"

"नाही गं."

"मालूम करायला पाहिजे होतं ना."

हिम्मतराव म्हणाले, "तू बस, बाकीच्या घरांत मी सांगतो." अपर्णानं नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच शेजारचं दार ठोठावलं.

"मी बसवलेल्या भिंतीला वाळवी लागलीय. खांब पोखरला असेल. आधी बाहेर या."

हेच ती अकरा दारांत बोलली. काहींनी शिव्या दिल्या, त्या तिनं ऐकून घेतल्या. आणखी तीन खोल्यांचे खांब पोकळ निघाले. आठवड्याभरात सगळ्या पाट्या उतरल्या, अपर्णा काम करत होती त्या संस्थेनं लोखंडी खांब दिले. झालेली चूक अपर्णानं अहवालात स्वतःच्या नावानं लिहिली.

वर्षभरानं ती भट्टीत भाजलेल्या, पेंढा नसलेल्या पाट्या घेऊन परत वस्तीत गेली. सहा घरांनी त्या घेतल्या. प्रियदर्शिनीनं तिला आत बसवलं, चहा दिला, पण भिंत नको म्हणाली.

अपर्णानं आग्रह केला नाही.