काटर शब्दाची बत्तिसावी चिठ्ठी

माझी हयात शब्दकोशात गेली. लाइपझिगच्या आमच्या कचेरीत प्रत्येक शब्दाला एक खण. कुणाच्या तोंडून शब्द नव्या ढंगात ऐकला की तिथल्या तिथे चिठ्ठी करायची: वाक्य, बोलणारा, तारीख. त्या वर्षी माझ्या वाट्याला 'काटर' आला होता. काटर म्हणजे बोका, आणि रात्रीच्या पिण्यानंतर सकाळी डोकं धरतं तोही काटरच. एकतीस चिठ्ठ्या झाल्या होत्या.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी आमच्या पोराच्या, फोल्कमारच्या, मित्राचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी नवरीच्या दारात भांडी फोडली, आणि सगळे भरपूर प्यायले. सकाळी पोरगा पांढराफटक होऊन स्वयंपाकघरात आला.

"कानामागे सुजलंय की रे," इर्मट्राउट, माझी बायको, म्हणाली.

"खापऱ्यांवरून घसरलो, आई. पायरी लागली."

"प्यायलेल्याला पायऱ्याच लागतात!" मी म्हणालो. मूर्ख माणूस.

इर्मट्राउटने रीतीप्रमाणे व्हिनेगरमधला हेरिंग मासा आणि आंबट काकड्या पुढे ठेवल्या. वास येताच तो बादलीत ओकला, आणि ती धुवायला इर्मट्राउट बाहेर गेली. तरी माझं व्याख्यान सुरूच. "काहीजण म्हणतात, मूळ शब्द सर्दीचा, 'काटार'. पोरांनी थट्टेत त्याचा बोका केला. काही म्हणतात, आधी 'मांजरांची रडारड' असा शब्द होता, तिच्यामागून बोका आला. माझ्या मते..."

"बाबा," डोळे मिटून तो म्हणाला, "हा काटर नाही. काटर मला माहीत आहे."

इतका चपखल नकार माझ्या एकाही चिठ्ठीत नव्हता! मी खिशातून पेन्सिल काढली. "थांब, थांब. परत म्हण बरं."

तो परत म्हणाला.

"मी डॉक्टरांना फोन करते," परत आत येत इर्मट्राउट म्हणाली.

"बोक्यासाठी डॉक्टर? गल्लीभर हसं होईल. झोपू दे, उतरेल."

काटर आलेल्या माणसाला आमच्याकडे एकटं सोडतात. मी पडदा ओढला आणि पाय न वाजवता बाहेर आलो. दुपारी लग्नाला निघायचं म्हणून ती उठवायला गेली. तो उठला नाही. तातडीने रुग्णवाहिका आली, शस्त्रक्रिया झाली, आणि संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "डोक्यात रक्तस्राव होता. सकाळी आणलं असतंत तर वाचला असता." सव्वीस वर्षांचा होता.

मला माणसात बसवत नाही आता. कुणी थट्टेत तो शब्द उच्चारला तरी उठून जातो.

ऑक्टोबरात नोंद छापायला द्यायची होती. मी खण घरी आणला आणि तसाच टेबलावर ठेवून बसलो. इर्मट्राउट समोर येऊन बसली.

"उलटीची बादली धुवायला गेले होते मी," ती म्हणाली. "तुझ्याशी तो काय बोलला रे शेवटचं? नीट ऐकूच आलं नाही. पाच महिने विचारतेय."

पाच महिने मी आठवत नाही असंच सांगत होतो. आता मी खण तिच्याकडे सरकवला.

तिने शेवटची चिठ्ठी काढली. चष्मा लावून, एकेक शब्दावर बोट ठेवत वाचली. वाक्य, पोराचं नाव, तारीख. खाली माझ्याच नीटस अक्षरात एक टीप होती, ती तिने मोठ्याने वाचली: "खात्रीसाठी दोनदा म्हणवून घेतले."