कडू केळ्यातलं भूत

मंगळवारी सकाळी फैजपूरच्या पुढच्या आमच्या गावात पाय ठेवायला जागा नव्हती. तालुक्यातला निम्मा ताप रिक्षांतून पारावर येऊन उतरला होता. पारावर केळेबाबा, पुढ्यात केळ्यांच्या दोन टोपल्या आणि शेजारी चेला लोटन.

"केळं गोड लागलं तर माणूस निर्मळ!" बाबा गर्जले. "कडू लागलं तर आत भूत! भुताची जीभच कडू!"

लोटन रांगेतल्या प्रत्येकाला विचारी, "ताप येतो का?" हो म्हटलं की उजव्या टोपलीतलं केळं, नाही म्हटलं की डावीतलं. तापकरी पहिल्याच घासाला तोंड वाकडं करीत आणि गर्दी हात जोडी. एकदोन दिवसांत ताप खरंच उतरे. महिन्याभरात पुन्हा चढला की बाबा म्हणत, "भूत चिवट आहे, आणखी एक केळं." हे भूत वक्तशीरही फार. एक दिवसाआड दुपारी दोनच्या सुमाराला हुडहुडी भरवायचं. एवढी शिस्त आमच्या आरोग्य केंद्रात नाही.

मी सविता, त्याच केंद्रात रक्त तपासते. पारावर गेले ती कामिनीसाठी. अकरा वर्षांची पोर, तापाची ही तिसरी फेरी, ओठ पांढरेफटक. तिच्या आईला, लताबाईंना, मी दोनदा विनवलं होतं.

"रक्त नही देनार, ताई. बाबा म्हने, सुई टोचली का भूत रक्तात शिरतं."

"ते रक्तातच आहे, लताबाई!" पण ऐकतं कोण? पोर डोळ्यांदेखत हातची जाणार, या भीतीने मला रडू येत होतं.

कामिनीचं केळं तिच्या आजोबांनी, जीवरामआबांनी घेतलं. आबा बाबांचे पक्के भक्त, पण चाळीस वर्षं केळी पिकवलेला माणूस. हातात केळं आलं की ते फिरवून बघणारच. आबा थबकले.

"हा माल कोनी काढला? देठाजवय काया ठिपका आहे."

"प्रसाद आहे, आबा," लोटन म्हणाला.

"असू दे प्रसाद. नख लागलं तरी साल रातभरात कायी पडते. हे टोचेल आहे!"

आबांनी उजवी टोपलीच उपडी केली. प्रत्येक केळ्याला देठाजवळ काळा ठिपका होता. डाव्या टोपलीतल्या एकालाही नव्हता. मी ठिपक्याचं एक सोलून चावलं. कडूजहर!

"बाबा, मला तर ताप नाही. मग माझ्यातही भूत?"

"आहेच! बायकांत लवकर शिरतं."

आबांनी घास घेतला आणि थुंकला. "अन् माह्यातबी?"

"बाबा, आता तुम्हीच खाऊन दाखवा," मी म्हणाले.

"आज माझा उपास आहे."

"उपासाले केयं चालतं!" अख्खी रांग ओरडली.

केळीच्या मुलखात ही सबब सांगायला नको होती. बाबांनी घास घेतला आणि त्यांचा चेहरा सुकल्या लिंबासारखा झाला. लोटनच्या पिशवीत मग इंजेक्शनची सुई आणि मलेरियाच्या गोळ्या सापडल्या. गोळी पाण्यात विरघळवून रात्री केळ्यात टोचायचे.

कामिनीने त्याच दुपारी बोट पुढे केलं. काचपट्टी तयार झाल्यावर मी लताबाईंना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"त्या गोल तांबड्या पेशी. आत निळी अंगठी दिसते? तो जंतू. डासाने सोडलेला. पेशीत बसून रक्तातलं लाल द्रव्य खातो. खाताना विषारी चोथा उरतो, त्याचे तो खडे करून ठेवतो, म्हणजे त्याला बाधत नाही. गोळी ते खडेच होऊ देत नाही. मग तो स्वतःच्या चोथ्याच्या विषाने मरतो."

"अन् एक दिवसाआड थंडी?"

"अठ्ठेचाळीस तासांनी पेशी एकदम फुटतात, पिल्लं बाहेर पडतात, तेव्हा हुडहुडी."

लताबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. "म्हंजे गोयी खरीच होती. मग बाबाचं चुकलं काय?"

"मात्रा. पोर मरू नये आणि बरीही होऊ नये, एवढीच दिली. अर्ध्या औषधाने थोडे जंतू मरतात, बाकीचे पुन्हा वाढतात, आणि तुम्ही पुन्हा पारावर."

लताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या एवढ्या चिडल्या की मीच घाबरले.

डॉक्टरांनी वजन बघून तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि यकृतात दडलेल्या जंतूंसाठी चौदा दिवसांच्या वेगळ्या. लताबाईंनी एकही चुकवू दिली नाही. कामिनी पुन्हा शाळेत जाते.

भूत आजवर कोणी पाहिलेलं नाही. हा जंतू लताबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. आता गल्लीत कोणाला थंडी वाजली की त्या त्याला दंडाला धरून आमच्याकडे आणतात. वाचकहो, तुम्हीही एखाद्याला आणा, आणि गोळ्या संपेपर्यंत त्याला सोडू नका.