बुवांनी उठवलेलं दुधाचं मशीन

सकाळी आमच्या गावच्या डेअरीसमोर ही गर्दी! किटल्या ठेवायला जागा नव्हती, पण दूध घालायची घाई कुणालाच दिसत नव्हती. सगळे आत बघत होते. आत टेबलावर फॅट मोजायचं मशीन अडकून पडलं होतं. दिवा चालू, पडदा गोठलेला. समोर पाटावर आदिनाथ बुवा डोळे मिटून बसले होते.

"हात काढा," बुवा म्हणाले. "यंत्रातली शक्ती रुसलीया. मानसाच्या बोटाचा इटाळ तिला सोसत न्हाई."

मघापासून बटणं बडवणारे सेक्रेटरी भाऊसाहेब झटकन मागे सरले. बुवा पुटपुटू लागले. त्यात थोडं संस्कृत होतं, थोडं मराठी, आणि मधेच 'सर्किटशांती' असंही काहीतरी ऐकू आलं. थोड्या वेळाने मशीन टीं करून वाजलं आणि पडदा उजळला. बायकांनी हात जोडले. माझ्या आईने, बनाबाईने, तर बुवांच्या पायावर डोकं ठेवलं.

दारात उभ्या उभ्या माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण ते मशीन उठवणारा प्रोग्राम माझा आहे. मी सुट्टीला गावी आलो होतो, एरवी पुण्यात एका छोट्या कंपनीत अशा मशीनच्या बोर्डांवर काम करतो. पडद्यावर दिसतं ते दुसरे लोक लिहितात. काटा, बटणं, प्रिंटर यांच्याशी थेट बोलणारा अगदी तळातला प्रोग्राम मी लिहितो. तो कुणाला दिसत नाही. आई लोकांना सांगते, "आमचा हर्षल कंप्युटर दुरुस्त करतो." आणि माझ्याच कामाबद्दल ती दुसऱ्याच्या पाया पडत होती. खोटं कशाला सांगू, मला बुवाचा हेवा वाटला. चांगलाच.

घरी आल्यावर आई पाय लांब करून बसली आणि माझा हेवा जागच्या जागी थिजला. तिच्या पायाचा अंगठा काळानिळा झाला होता. वर राख फासलेली.

"शुगरच्या गोळ्या कुठायत?"

"बुवांनी बंद करायला सांगितल्या. हे भस्म लावायचं."

"आणि तू ऐकलंस?"

"मेलेलं मशीन उठवतो त्यो मानूस, तू सोता बघितलंस न्हवं? मग माझा आंगठा त्याला काय जड हाय?"

दवाखान्यात चल म्हणून मी दुपारभर डोकं फोडलं. ती हलेना. तिच्याकडे पुरावा होता, तोही मीच लिहिलेला.

संध्याकाळी डेअरीशेजारची चारा कापायची कडबा कुट्टी सुरू झाली आणि मशीन पुन्हा अडकलं. ती मोठी मोटर चालू झाली की विजेत गडबड होते आणि प्रोग्राम मधेच लटकतो. मशीनच्या पोटात बॅटरी असल्यामुळे प्लग काढूनही उपयोग नसतो. भाऊसाहेबांनी बुवांना बोलावणं धाडलं. मी आईला हाताला धरून घेऊन गेलो.

"बुवा, मंत्र म्हणा," मी म्हणालो. "फक्त आई अधूनमधून हे एक बटण दाबत राहील."

"इटाळ व्हतो."

"दाबू द्या की," मागून दूध घालायला आलेली मालनबाई म्हणाली. "शक्ती एवढी मोठी, अन् बनाबाईच्या बोटाला भेती व्हय?"

लोक हसले. बुवांना माघार घेता येईना. ते पुटपुटू लागले, आई बटण दाबत राहिली. मंत्र संपला, पुन्हा सुरू झाला. बुवांचा आवाज चढला, मग बसला, कपाळावर घाम आला. पडदा जसाच्या तसा.

"हितं एक नास्तिक हुभा हाय," बुवा शेवटी म्हणाले. "त्याची नजर लागतीया."

"मग मी जातो. पण बुवांनीही माझ्याबरोबर बाहेर यायचं. आत कुणी मंत्र म्हणायचा नाही आणि कुणी बटणाला शिवायचं नाही."

आम्ही दोघं कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिलो.

"कुठं कळलं हे तुम्हाला?" मी विचारलं.

बुवांनी इकडेतिकडे बघितलं. "पल्याडच्या गावात डेअरीवर कामाला हुतो. बटनं बडवली की उठायचं न्हाई. कट्टाळून च्याला गेलो की उठायचं." मग हळूच म्हणाले, "पन ते उठतं कसं, वो?"

इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल मला मनापासून विचारणारा हा पहिला माणूस. निघाला तोही हाच.

आत मशीन टीं करून वाजलं.

मी आत गेलो आणि सगळ्यांना सांगितलं. मशीनमध्ये एक राखणदार बसवलेला असतो. प्रोग्राम त्याला सारखी हाक देतो, 'मी जागा आहे.' बराच वेळ हाक आली नाही, की तो मशीन बंद करून पुन्हा चालू करतो. बटण दाबलं तरी त्याला हाक पोचते, म्हणजे दूध घालणाऱ्याचा खाते नंबर टाकताना मशीन मधेच बंद होत नाही. तुम्ही बटणं बडवता, त्याला वाटतं सगळं ठीक आहे. बुवा तुमचे हात काढायला लावतात, एवढीच त्यांची करामत.

आई आपल्या बोटाकडे बघत राहिली. "मग माझ्या अंगात बी आसा राखनदार आसंल की."

"आहे. जखमा तोच भरतो. पण साखर वाढली की त्याचं काही चालत नाही, म्हणून गोळ्या. आणि आई, माणूस बंद करून पुन्हा चालू करता येत नाही."

तिने पदराने अंगठ्यावरची राख पुसली आणि म्हणाली, "गाडी काढ."

संगमनेरच्या डॉक्टरांनी अंगठा काढला. पाऊल वाचलं. राख फासण्यात दिवस गेले नसते तर अंगठाही वाचला असता, असं ते म्हणाले. आईने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

तुमच्याकडेही कुणी असा चमत्कार करत असेल. पाया पडायचं तर नंतर पडा. आधी त्या माणसाला थोडा वेळ बाहेर उभं करा आणि आत काय होतं ते बघा. आणि तोवर आपली गोळी चुकवू नका.