मुरमांचा काढा

"काय रे मोक, तुझा काढा तुझ्याच पोरीला लागू पडत नाही होय?" फोंगमावशीने वाडगं खाली ठेवत विचारलं, आणि बाकावरची चारही माणसं माझ्या मुरमांनी भरलेल्या तोंडाकडे बघायला लागली.

बाबा पितळी बंबाची तोटी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "लागू पडायला पथ्य नको का पाळायला? चोरून तळलेलं खाते ती."

मी खात नव्हते. सतरा वर्षांची होते. हाँगकाँगच्या शाम शुई पो भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी तळलेल्या टोफूची गाडी उभी असायची, तिच्या बाजूने मी श्वास रोखून जायचे. त्या दिवशी मी आतल्या खोलीत गेले आणि ठरवलं, गिऱ्हाईक असताना पुन्हा दुकानात पाऊल टाकायचं नाही.

बाबांना जाऊन सात आठवडे झाले. सातव्या आठवड्याचा विधी परवा उरकला. आलेले लोक विचारत होते, शेवटी काही बोलले का? नाही बोलले. बोलणं हा त्यांचा प्रांत नव्हता. आजोबांनी उघडलेलं काढ्याचं दुकान त्यांनी जन्मभर चालवलं, एवढंच सांगता येतं. सर्दीचा काढा, पोटाचा काढा, आणि ज्यामुळे दुकानाचं नाव होतं तो मुरमांचा काढा. तो इतका कडू की सोबत खारवलेलं आलुबुखार द्यावं लागे. मुरमं म्हणजे अंगातली उष्णता. तळलेलं खाल्लं, लिची खाल्ली, जागरण केलं की ती तोंडावर फुटते. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाबांना तर सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या गालांवर खड्डेच खड्डे होते, पण ते लहानपणच्या देवींचे.

फोंगमावशीने टोकलं त्या संध्याकाळी बाबा आत आले.

"दप्तर उघड."

"काही नाहीये, बाबा."

"मग वास कसला येतोय?"

"तुमच्या हातांचा येतोय. काढ्याच्या मुळ्यांचा."

त्यांनी खरंच स्वतःचे हात हुंगून पाहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. चाळीस दिवस मी देईन तेवढंच खायचं. मग बघू कोण खोटं बोलतंय ते."

घरात आम्ही दोघंच. आई मी लहान असतानाच गेली होती. दुसऱ्या दिवसापासून बाबा रोज दुपारी दुकानाचं दार ओढून घ्यायचे आणि शाळेच्या फाटकापाशी डबा घेऊन उभे राहायचे. भाताची पेज, वाफवलेला पाला, वर थर्मासमध्ये काढा. "यिंग, पेजवाले आले गं तुझे!" मुली ओरडायच्या. मी खाऊन संपवेपर्यंत ते हलायचे नाहीत. आणि घरी स्वतःही तेच खायचे. मी म्हटलं, "तुम्हाला कुठे मुरमं आलीत?" तर म्हणाले, "तू पेज खाणार आणि मी समोर बसून भाजलेलं बदक खाऊ? घशाखाली उतरेल का?" आजोबांच्या श्राद्धालाही त्यांनी बदकाला हात लावला नाही.

दिवसातून पाच वेळा साबणाने तोंड धुवायचं, हाही त्यांचाच हुकूम. मी धुवायचे. चेहरा सोलवटून निघायचा, आणि हनुवटीखाली गाठी यायच्या त्या येतच राहिल्या. कुशीवर झोपलं की दुखायच्या.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला.

"खोटं तू बोलत नव्हतीस," ते म्हणाले.

एवढंच. पण दप्तर पुन्हा कधी हुंगलं नाही.

शाळेतल्या नर्सबाईंनी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी केव्हाच दिली होती. ती आता मी पुढे केली. बाबा सोबत आले, पण भांडायच्या तयारीने. डॉक्टर याउ तरुण बाई होत्या. बाबांनी सगळं पथ्य सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मोकसाहेब, ही उष्णता नाही. मळही नाही, तेव्हा ते घासणं आधी बंद. कातडीखाली तेलाच्या ग्रंथी असतात, या वयात त्यांचा जोर होतो. हिचा काही दोष नाही. घरात आणखी कुणाला अशी मुरमं होती?"

"कुणालाच नाही," बाबा ताडकन म्हणाले.

"बरं. पण आणखी सहा महिने काढलेत तर खड्डे पडतील. ते मग मलाही भरून काढता यायचे नाहीत."

मला वाटलं आता भांडण होणार. बाबा उठले आणि थेट औषधाच्या खिडकीपाशी जाऊन रांगेत उभे राहिले. रांगेत सगळ्या शाळकरी मुली. मध्ये ते एकटेच पुरुष, हातात माझा नंबर धरून.

मलम लावायला लागले आणि चेहरा आणखी बिघडला. लालभडक झाला, पापुद्रे सुटले. असं होईल, तीन महिने धीर धरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबा दिनदर्शिकेवर रोज एक दिवस खोडायचे. मी आतल्या खोलीतून बाहेर यायचे नाही.

अठराव्या दिवशी फोंगमावशीने पडद्याच्या फटीतून मला पाहिलंच.

"अगं बाई! भाजून काढली की पोरीला! मोक, फेकून दे ते डबडं. बापाच्या हातचा काढा घरात असताना तू विलायती औषध लावतोस? उद्या हिचे गाल तुझ्यासारखे झाले म्हणजे? तुला निदान देवी तरी आल्या होत्या."

दुकान भरलेलं होतं. बाबांनी तोटी बंद केली.

"मला देवी आल्या नव्हत्या," ते म्हणाले.

"अं?"

"मुरमंच होती. सोळाव्या वर्षी आली. वडिलांनी हाच काढा पाजला, रोज दोन वाडगी, सहा वर्षं. खड्डे पडले तेव्हा म्हणाले, विचारलं कुणी तर देवी सांग. काढेवाल्याच्या पोराला मुरमं, हे गिऱ्हाइकाला कळून कसं चालेल?" ते थांबले. "मीही तेच सांगत आलो. डॉक्टरीणबाईंपुढेसुद्धा खरं बोललो नाही."

फोंगमावशीने वाडग्यात उरलेला काढा एका घोटात संपवला, आलुबुखार न घेता उठली आणि जाता जाता पुटपुटली, "आधी सांगायचंस की रे, मेल्या." तिच्यामागून दोघं-तिघं गेली. शेवटी बाकावर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उरली. रुमालाने हनुवटी झाकलेली. समोरचं वाडगं तिने अजून उचललं नव्हतं.

"मग मी काय करू, काका?" तिने विचारलं.

बाबा आतल्या खोलीच्या पडद्याकडे वळले.

"यिंग," त्यांनी हाक मारली. "जरा बाहेर ये. हिला सांग, काय करायचं ते."

मी गेले. तशीच, सोललेल्या तोंडाने. बंबामागे त्यांची उभं राहायची जागा होती, तिथे ते कधी कुणाला उभं राहू देत नसत. तिथून ते एक पाऊल बाजूला सरकले.

मी सांगितलं. घासायचं नाही, फोडायचं नाही, दवाखाना कुठे आहे, मंगळवारी गर्दी कमी असते, आधी बिघडेल तेव्हा घाबरायचं नाही. पुढे मी नर्स झाले, आणि हेच शब्द किती मुलींना सांगितले त्याची गणती नाही. पण त्या दुपारइतकं लक्ष देऊन ते कुणी ऐकले नाहीत. बाबा माझ्या शेजारी उभे होते. पुसलेलीच वाडगी पुन्हा पुसत, मान थोडी माझ्याकडे कलती करून, एकही शब्द सुटू नये म्हणून फडक्याचा आवाजसुद्धा न करता.