टायपिस्टबाईंचा मॉनिटर

घरात कॉम्प्युटर एक होता आणि टीव्हीही एकच. कॉम्प्युटरला स्वतःचा पडदा नसल्यामुळे तो टीव्हीलाच जोडावा लागायचा. सगळ्या कटकटीचं मूळ हेच.

या घरच्या सुनेला गल्लीत टायपिस्टबाई म्हणायचे. लग्नाआधीपासून त्या घरी बसून टायपिंगची कामं घेत. आधी टाइपरायटर होता. तो खडखड करायचा, शेजारी वैतागून भिंतीवर ठोकायचे, पण कागदावर उमटलेलं अक्षर निदान डोळ्यांना दिसायचं. मग बाईंच्या भावाने स्वतःसाठी मोठं यंत्र घेतलं आणि जुना घरगुती कॉम्प्युटर बहिणीला देऊन टाकला. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, शेजारी फ्लॉपी सरकवायचा डबा आणि मागून निघून टीव्हीत शिरणारी एक वायर. एक अक्षर चुकलं म्हणून अख्खं पान पुन्हा टाइप करायला नको, हे कळल्यावर बाई कितीतरी दिवस हरखून होत्या. मग त्यांचं डोकं दुखायला लागलं.

टीव्हीचा पडदा लांबून माणसांचे चेहरे बघण्यासाठी केलेला. त्यावर पानाच्या रुंदीची ओळ आणली की अक्षरं एकमेकांना चिकटायची, त्यांच्या कडांना तांबडी-निळी झाक यायची. बाई नाक पडद्याला टेकवून वाचायच्या. शिवाय टीव्ही मोकळा सापडायला हवा. दुपारी सासूबाईंची मालिका असायची, संध्याकाळी मास्तरांची फुटबॉलची मॅच. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान, शाळेत खेळ शिकवायचे. या दोघांच्या मधल्या फटीत बाईंनी काम उरकायचं.

काम साधं नव्हतं. एका प्राध्यापकांचं जमिनीखालच्या पाण्यावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. पानोपानी विहिरींची खोली, पाण्याची पातळी, नुसते आकडेच आकडे. एकेक प्रकरण झालं की फ्लॉपी प्राध्यापकांकडे पोचवायची, कागदावर छापायचं काम ते स्वतःकडेच करून घेत. बाईंकडे प्रिंटर नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी बाई ऐन रंगात टाइप करत असताना मास्तरांनी मागून येऊन वायर काढली आणि अँटेना लावली.

"शेवटची दहाच मिनिटं," ते म्हणाले. "तुझं लिहिलेलं कुठे जात नाही. यंत्राच्या पोटात असतंच ना?"

तेही खरंच होतं. बाईंनी दात आवळले आणि पडद्याशिवायच टाइप करत राहिल्या. बोटांना सवय होती. मॅच बरोबरीत सुटली, जादा वेळ खेळवला गेला, मास्तर ओरडून ओरडून घसा बसवून घेऊ लागले. शेवटी एकदाची वायर परत मिळाली तेव्हा पडद्यावर दोन पानं भरून कचरा होता. मधेच कधीतरी बोटं एक घर डावीकडे सरकली होती.

मास्तर हसले. त्यांनी हसायला नको होतं.

"मला वेगळा मॉनिटर हवाय," बाई म्हणाल्या. "रंगीत नको. एकाच रंगाचा, साधा, स्वस्तातला चालेल. फक्त अक्षरं दिसली पाहिजेत."

"एवढा मोठा टीव्ही असताना?"

"टीव्हीवर दिसत नाही हो. वर्षभर सांगतेय मी."

"मला तर दिसतं," मास्तर पडद्याकडे न बघता म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात निघाले बरोबर.

पहिलं दुकान काचेच्या दरवाज्याचं होतं. तिथला विक्रेता बाईंचं ऐकायचा आणि उत्तर मास्तरांना द्यायचा. त्याने एक रंगीत मॉनिटर लावला. पडद्यावर लाल चेंडू उड्या मारायला लागला.

"मला एक पानभर बारीक अक्षरं दाखवा," बाई म्हणाल्या.

"सर, रंगीत घेतलात की मुलांनाही खेळता येतं."

"आम्हाला मुलं नाहीत. पुस्तक आहे."

चेंडू उड्या मारतच होता. मास्तरांनी किमतीची चिठ्ठी वाचली आणि खिशातून अर्धवट बाहेर काढलेलं पाकीट पुन्हा आत सरकवलं.

दुसऱ्या दुकानात एकरंगी मॉनिटर होते, पण ते कचेऱ्यांना डझनाने विकायचे, सुटा मिळणार नव्हता. तिसरं दुकान जुन्या मालाचं. तिथे एक हिरवा होता, अगदी परवडणारा. बाईंचा चेहरा उजळला. मग त्या जवळ गेल्या तर बंद पडद्यावरही पुसट अक्षरं दिसत होती: 'खातेदाराचे नाव'.

"बँकेतून आलाय," दुकानदार म्हणाला. "रोज तेच ते दाखवून डाग पडलाय. होईल सवय."

"माझ्या प्रत्येक पानावर खातेदाराचं नाव?"

"वर कोपऱ्यातच तर आहे."

एव्हाना ही बातमी सगळीकडे पसरली होती आणि जो तो सल्ला देत होता. भाऊ फोनवर म्हणाला, हिरवाच घे. शेजारीण म्हणाली, हिरव्याने तिच्या मावशीला चष्मा लागला. धाकटा दीर तर कॉम्प्युटर या विषयातला घरचा जाणकार. तो एका कचेरीत कामाला होता आणि तिथे कॉम्प्युटर होते, एवढ्यावरच ते ठरलं होतं.

"वहिनी, हिरव्याचे दिवस गेले. नारिंगी घ्या. तुम्ही फिरू नका आता, मी बघतो."

आणि त्याने खरंच बघितलं. आठवड्याभरात तो एक नारिंगी मॉनिटर खांद्यावर घेऊन दारात हजर. सगळे कौतुकाने गोळा झाले. बाईंनी वायर हातात घेतली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. कॉम्प्युटरच्या मागचं भोक गोल, एका पिनेचं. मॉनिटरच्या वायरीच्या टोकाला चपट्या तोंडात नऊ बारीक पिना.

"भाऊजी, हे लागणार कसं?"

"त्याला एक जोड मिळतो मधे लावायला."

"कुठे?"

"मिळतो हो कुठेतरी."

कुठेही मिळाला नाही. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं की हा मॉनिटर दुसऱ्याच जातीच्या कॉम्प्युटरचा आहे, पिना कशाबशा जुळवल्या तरी चित्र येणार नाही. बाई म्हणाल्या, परत करू या. मास्तर म्हणाले, त्याने एवढ्या हौसेने आणलाय, बरं दिसतं का? मग तो मॉनिटर अर्धं टेबल अडवून बसला. सासूबाईंनी त्यावर विणकामाची टोपली ठेवली. येणारा-जाणारा विचारायचा, "मिळाला वाटतं मॉनिटर?" आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत मास्तर सांगायचे, "मिळाला ना!"

प्राध्यापकांचे निरोप यायला लागले. पुस्तक छापखान्यात द्यायची वेळ जवळ आली होती. एका दुपारी बाईंना राहवलं नाही. त्यांनी मालिका चालू असतानाच अँटेना उपटली.

"अगं अगं! तिने आत्ता कुठे दार उघडलं होतं!" सासूबाई ओरडल्या. "तुझा तो नारिंगी डबा आहे ना?"

"तो चालत नाही, आई."

"चालत नाही? मग इतके दिवस टेबलावर काय पूजेला ठेवलाय? चालणारा का नाही आणलास?"

बाईंना हसावं की रडावं कळेना. त्या वायर हातात धरून मटकन खाली बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. चेंडू, बँक, नऊ पिना, 'बरं दिसतं का'. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग विणकाम बाजूला ठेवून चपला शोधायला लागल्या.

"ऊठ. तो कॉम्प्युटरही घे बरोबर. जोडून बघितल्याशिवाय काही घ्यायचं नाही. उद्यापासून मला माझी मालिका पूर्ण दिसली पाहिजे."

कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून, फ्लॉप्या आणि हस्तलिखितासकट, भाजीच्या पिशवीत बसला. नारिंगी मॉनिटर दोघींनी दोन बाजूंनी धरला. बसमध्ये कोणी जागा दिली नाही. जुन्या मालाच्या दुकानात पोचेपर्यंत बाईंचे हात भरून आले होते.

"इथे जोडून बघायची सोय नाही," दुकानदार म्हणाला.

"मग सोय होईपर्यंत मी बसते," म्हणत सासूबाई दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीत बसल्या. ती दुकानदाराची होती.

सोय झाली. नवीन माल आलेला होता. पहिला पडदा एकसारखा थरथरत होता. दुसऱ्यावर ओळ वर सरकली की मागे हिरवा धूर रेंगाळायचा. तिसरा लहानसा, हिरवाच, डावी कड जराशी वाकलेली. त्यावर बाईंनी आपल्या फ्लॉपीतलं एक प्रकरण उघडलं आणि श्वास रोखला. प्रत्येक अक्षर सुटं, टोकदार, जिथल्या तिथे. पूर्णविरामसुद्धा वेगळा दिसत होता.

"बघू," म्हणत सासूबाईंनी चष्मा चढवला आणि मोठ्याने आकडे वाचायला सुरुवात केली. "तेरा. तेवीस. अठ्ठावीस."

"तेवीस, आई. लागोपाठ दोन तेवीस आहेत."

"अठ्ठावीस आहे गं. एवढं वाचता येतं मला."

बाईंनी वाकून बघितलं. आठच होता. त्यांनी पिशवीतून मूळ हस्तलिखित काढलं. तिथे तीन होता. टीव्हीवर त्यांना तीन आणि आठ कधी वेगळे दिसलेच नव्हते.

नारिंगी देऊन हिरवा घ्यायचा सौदा सासूबाईंनीच पटवला. वाकड्या कडेवरून त्यांनी दुकानदाराला एवढं बोलून घेतलं की शेवटी त्याने वायर फुकट दिली. बाईंचं त्यात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी दीर आला तोच टेबलाकडे बघत.

"वहिनी, माझा मॉनिटर कुठाय?"

"बदलून आणला."

"मला विचारायचं तरी!"

"आणताना तुम्ही मला विचारलं होतं का, भाऊजी? नुसतं भोक गोल आहे की चपटं, एवढंच?"

दीर चहा न घेताच गेला. मास्तर म्हणाले, "उगीच दुखावलंस त्याला." बाईंनी मान वर केली नाही. त्या एकामागून एक जुनी प्रकरणं उघडत होत्या. पहिल्या प्रकरणात चुका होत्या. दुसऱ्यात जास्त होत्या. तिनाचे आठ, आठाचे तीन, स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम. आणि ही सगळी प्रकरणं कधीच पोचती झाली होती. त्यांनी उठून प्राध्यापकांना फोन लावला.

"पण मी तर उद्या छापखान्यात देणार होतो," प्राध्यापकांचा आवाज चढला. "मला वाटत होतं, तुम्ही तपासून देता!"

"तपासूनच देत होते, सर. दिसत नव्हतं."

"दिसत नव्हतं, मग आधी बोलायचं नाही का?"

सगळं दुरुस्त करून नव्याने देते, थोडे दिवस थांबा, एवढं कसंबसं सांगून बाईंनी फोन ठेवला. मास्तर टीव्हीसमोर बसले होते.

"ते विचारतायत, आधी का नाही बोललीस," बाई म्हणाल्या. "सांगा आता तुम्हीच. कुणाला सांगायची राहिले होते मी?"

बसल्या जागी अवघडून मास्तरांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग उठले, खुर्ची टेबलाशी ओढली, हिरव्या पडद्याकडे पहिल्यांदाच नीट वाकून बघितलं आणि हस्तलिखिताचा गठ्ठा पुढ्यात घेतला.

"मी वाचतो, तू ताडून बघ," ते म्हणाले आणि सुसाट सुटले. "तेरा तेवीस तेवीस अठरा..."

"हळू! ही मॅच नाहीये."

"बरं. तेरा." ते थांबले. "तेवीस."

बाईंनी पडद्यावरचा एक आकडा दुरुस्त केला. तेवढ्यात टीव्हीवर गोल झाला, मास्तरांची मान आपोआप वळली आणि त्यांची ओळ हरवली.

"कुठे होतो आपण?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग मास्तरांच्या हाताखालचा कागद स्वतःकडे वळवून ओळीवर बोट ठेवलं.

"इथे. पुन्हा पहिल्यापासून वाचा."