ताईंच्या पायाची फाईल

आमचे हे मला आयुष्यात कुठल्याच गोष्टीला पटकन हो म्हणालेले नाहीत. भिंतीला कुठला रंग द्यायचा यावर आमच्याकडे वर्ष निघून जातं. पण कॉम्प्युटरने काही विचारलं, की डोळे मिटून हो! अटी मान्य? हो. आत्ताच अपडेट करू? हो. सगळ्या जुन्या फायली नव्या पद्धतीत बदलू? हो बाबा, बदल एकदाच्या. तो तिसरा हो दाबला आणि आमच्या कारखान्यातल्या झाडून सगळ्या पायांची वाट लागली.

कारखाना म्हणजे केवढा, तर दोन खोल्या. आम्ही बूट करतो, पण दुकानात टांगलेले असतात तसले नाही. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांत बसत नाहीत, त्यांच्यासाठी करतो. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. हे कॉम्प्युटरवर पायाचा आकार तयार करतात आणि त्यावरून पलीकडच्या खोलीतलं मशीन लाकडाचा पाय कोरून देतं. त्याला आम्ही साचा म्हणतो. साच्यावर चामडं ताणायचं, शिवायचं, तळ चिकटवायचा, हे माझं काम. पूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकाचा साचा फळीवर ठेवलेला असायचा. कॉम्प्युटर आला तसे ह्यांनी ते सगळे काढून टाकले. "फाईल आहे ना! लाकडं कशाला सांभाळायची?" मी तेव्हाच म्हटलं होतं, लाकूड उघडायला पासवर्ड लागत नाही. पण ऐकतंय कोण!

सगळ्या फायलींत लाडकी फाईल ताईंची. ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. जन्मापासून डावा पाय आखूड, पाऊल आत वळलेलं. बाईंचं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर खुर्चीभोवती उभ्या, आणि हातातल्या कात्रीपेक्षा तोंड जास्त चालतं. घरी एकट्याच असतात, त्यामुळे दुकान म्हणजे त्यांचा जीव. ह्यांनी हा धंदा काढला तोच मुळी ताईंच्या पायासाठी. त्यांच्या साच्याची फाईल हे कित्येक वर्षं घासूनपुसून नीट करत होते. फाईलचं नाव काय, तर 'ताई-फायनल-नवीन-खरंच फायनल'. कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की आधी ती उघडून दाखवायची. पोराचं प्रगतिपुस्तक दाखवतात ना लोक, तसं.

एके दिवशी सकाळी ताई सपाता फरफटत आल्या. बुटाचा तळ उलला होता.

"छोटू," त्या म्हणाल्या. ह्यांचे केस पिकले, तरी त्यांच्यासाठी हे छोटूच. "मी दुकान देऊन टाकतेय. शेजारचा चष्मेवाला कधीपासून जागा मागतोय. महिना संपला की किल्ली त्याच्या हातात."

"काय?" हे उठूनच उभे राहिले. "का पण?"

"पाय थकला रे. वय झालं."

"वय कसलं डोंबलाचं! बूट फाटलाय म्हणून वाटतंय तुला तसं. मी नवीन जोड करतो. अगदी हुबेहूब तोच! फाईल आहे की."

त्यावर ताई काहीच बोलल्या नाहीत. ही बाई गप्प बसलेली मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. पण माझ्या हातात सुई होती आणि डोक्यात दुसऱ्याच गिऱ्हाइकाची टाच होती, म्हणून मी ते तिथेच सोडून दिलं.

ह्यांनी मोठ्या उत्साहात कॉम्प्युटर लावला, त्याला ते तीन हो दिले, आणि मग पडद्यावर एक चौकट आली. प्रोग्रॅम नवा झालाय, थोडे दिवस फुकट वापरा, पुढे दरमहा पैसे भरा.

"अहो, आपण हे विकत घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं. ते म्हणतात, ते जुनं. नवीन विकत मिळतच नाही, भाड्यानेच मिळतं."

"म्हणजे कॉम्प्युटर आपला, फायली आपल्या, पाय आपल्या ताईंचा, आणि तो बघायचं भाडं त्यांना? घरमालक निदान छप्पर गळलं तर येऊन बघून तरी जातो!"

"थांब गं, उघडतेय फाईल."

उघडली. आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. नव्या प्रोग्रॅमने जुनी फाईल घेताना ती आपल्या मनाने सुधारून टाकली होती. आत वळलेलं पाऊल सरळ, घोट्याखालचा उंचवटा साफ गुळगुळीत, टाच गोल गरगरीत. इतका देखणा पाय देवाने ताईंना दिला असता, तर आम्हाला हा धंदाच काढावा लागला नसता. त्या साच्यावर बूट शिवला असता तर ताईंच्या पायात तो चढलाही नसता.

मग सुरू झाली धावाधाव. जुना प्रोग्रॅम परत घातला, तर तो बदललेल्या फायली ओळखेना. जादा प्रत ठेवलेली होती, पण ती आपोआप अपडेट होणारी, त्यामुळे तिच्यातही तोच देखणा पाय. माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला, तर त्याची बॅटरी टम्म फुगलेली. सुरू करायची हिंमत झाली नाही. ओळखीच्या एका पर्सवाल्याकडे आमच्यापेक्षाही जुना प्रोग्रॅम होता. त्याच्या कॉम्प्युटरने आमची फाईल बघितली आणि जागच्या जागी मान टाकली. तो पर्सवाला अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

कंपनीला लिहिलं. तिथे माणूसच नाही, एक गोडबोलं यंत्र. 'आपली अडचण आम्ही समजू शकतो,' असं ते परत परत लिहायचं. शेवटी माझं डोकं फिरलं. ह्यांच्या हातातून कीबोर्ड ओढून घेतला आणि लिहिलं, 'समजते तर सोडवा.' त्यावर उत्तर आलं, 'आमच्या सेवेला आपण किती तारे द्याल?' मी काय द्यायला निघाले होते ते इथे सांगत नाही.

ह्यांची तर अवस्था बघवेना. जेवताना भिंतीकडे बघत बसायचे. "मी ताईचा पाय घालवला गं," एकदा घास हातात धरून म्हणाले. "एक बटण दाबलं आणि घालवला. आता ती दुकान देऊन टाकणार आणि घरात बसून वाळून जाणार." मला रडूच आलं, पण मी ओरडले, "आधी जेवा!" आमच्यात रडण्याचं काम असंच होतं.

आणि ताई? त्या रोज दुकान उघडायच्या आधी सपाता फरफटत आमच्या दारात यायच्या. "मिळाली का रे?" हे नकाराची मान हलवायचे. "बरं बरं. जाऊ दे. जीवाला लावून घेऊ नकोस," म्हणून त्या निघायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नाही. मला इतका संताप आला! भाऊ इकडे झुरणीला लागलाय आणि बहिणीला सोयरसुतक नाही.

मग एका दुपारी मला सुचलं. फाईल गेली तर खड्ड्यात जाऊ दे, बूट आहे ना! जुन्या बुटात प्लॅस्टर ओतलं की आतला आकार जसाच्या तसा हाती येतो. मी ताईंना फोन करून फाटका जोड घेऊन बोलावलं. हे त्या वेळी चामडं आणायला बाहेर गेले होते. ताई आल्या, टेबलाला धरून बसल्या.

"बूट द्या. आतून उघडायचाय."

"टाकला गं तो मी."

"मग पिशवीत काय आहे?"

"डबा."

"डब्याला नाडी कधीपासून लावतात?"

पिशवीतून नाडी लोंबत होती. ताईंनी पिशवी छातीशी धरली, मी ओढली. दोन प्रौढ बायका लहान पोरींसारख्या पिशवीवरून झोंबत होतो. शेवटी जिंकले मी. रोज चामडं ताणून माझे हात तयार आहेत.

प्लॅस्टर ओतायच्या आधी आतला तळ काढावा लागतो. चिमट्याने उचलला तर त्याच्याखाली टॉवेलची घडी. बारीक टाके घालून शिवलेली. ती काढली तर खाली स्पंजचा काप. त्याखाली आणखी एक घडी. आणि घोट्याच्या बाजूला, हाड येतं तिथे, आतलं चामडं कात्रीने कापून काढलेलं. माझं शिवलेलं चामडं!

"ताई, हे काय आहे?"

"ते... घाम टिपायला."

"घाम टिपायला माणूस टाचेखाली गादी घालतं? खरं सांगा."

ताईंनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाय बदलला गं माझा. मागचा जोड केला त्याच्या आधीच. पाऊल आणखी वळलं, टाच बसली. तो बूट घालून उभी राहिले की संध्याकाळपर्यंत डोळ्यांतून पाणी येतं. म्हणून तर दुकान देतेय."

"मग बोलायला काय झालं होतं? सगळ्या जगाला बोलता!"

"जगाला बोलणं सोपं आहे," ताई म्हणाल्या. "बूट पायात घातला की छोटू माझ्या तोंडाकडे बघत बसतो. लहानपणी चित्र काढून आणायचा ना, अगदी तसाच. 'ताई, एकदम बरोबर ना?' मी म्हणते, एकदम बरोबर. की पुढचा जोडही तसाच. त्याने इतका जीव ओतलाय त्या फाईलमध्ये, त्याला कुठल्या तोंडाने सांगू की माझा पाय आता तिच्यात मावत नाही? फाईल गेली म्हणाला ना, तेव्हा खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटले बाई एकदाची."

मागे काहीतरी धपकन पडलं. हे दारात उभे होते आणि चामड्याचं भेंडोळं त्यांच्या पायाशी. कधी आले, किती ऐकलं, विचारायची सोयच नव्हती. चेहऱ्यावरून कळत होतं की सगळं ऐकलंय. मला वाटलं, हा माणूस आता कोसळतोय.

ते पुढे आले. बूट हातात घेतला, घड्या एकेक करून टेबलावर मांडल्या, बोटाने दाबून बघितल्या.

"हे तू शिवलंस?"

"मग काय चष्मेवाल्याने?"

"टाचेखालचं बरोबर घातलंयस. बाजूचं चुकलंय."

"तुझं तरी कुठे बरोबर होतं!" ताई फटकन म्हणाल्या आणि स्वतःच जीभ चावली.

मग मलाच हसू फुटलं. मग ताईंना. हे हसले नाहीत. ते भावाच्या मायेने रागावले. "वेडी आहेस का गं तू? दुखतंय म्हणून सांगायचं नाही? मी काय फाईलला बूट घालणार होतो?" आणि डोळे पुसत खाली फरशीवर बसले, कागद पसरला, पेन्सिल घेतली. "आण, पाय दे इकडे."

कपाळाला हात लावायची वेळ होती. रोज तो पाय आपणहून आमच्या दारात येत होता आणि आम्ही त्याला पडद्यावर शोधत होतो!

"कुठे कुठे दुखतं, सगळं सांग. काही लपवायचं नाही."

ताईंनी सांगितलं. बापरे, काय सांगितलं! घोट्यापासून सुरुवात केली ती चहा दोनदा झाला तरी संपेना. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं सगळं. माझी शिवणही सोडली नाही त्यांनी. "तुझा टाका इथे टोचतो, बरं का." म्हटलं, चला, आमची नणंद परत आली.

भाडं भरावं लागलंच. ह्यांनी शिव्या घालत एका महिन्याचे पैसे भरले. खरं सांगायचं तर नव्या पायाचं माप त्या नव्या प्रोग्रॅमने झकास घेतलं. त्याचं वाकडं फक्त जुन्या फायलींशी होतं. काम होत आलं तशी चौकट आली, 'आकार आपोआप सुधारू का?' ह्यांनी चष्मा पुसला, सगळं नीट वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरला नाही म्हणाले. फाईलला नाव दिलं, 'ताई-सध्याचा पाय'. मशीनमधून साचा निघाला तो मी काम झाल्यावर सरळ फळीवर ठेवला. कुणी काढून दाखवावा.

मधेच कंपनीचं पत्रही आलं. जुन्या फायली परत मिळवायचा उपाय त्यांना सापडला होता, इतर गिऱ्हाइकांचे पाय त्याने सुटले, देव त्यांचं भलं करो. ह्यांनी ताईंना विचारलं, "तुझी ती जुनी काढून ठेवू का?"

"त्यांनाच पाठव," ताई म्हणाल्या. "म्हणावं, तुम्हीच घाला."

नवा जोड पायात घालायच्या दिवशी हे समोर उकिडवे बसले. तोंडातून "एकदम बर..." निघालंच होतं, ते त्यांनी गिळलं आणि विचारलं, "कुठे दुखतंय?"

"करंगळीपाशी. थोडंसं."

बूट काढला, तिथे चामडं सैल केलं, परत घातला. ताई खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. टेबलाला हात लावला नाही, भिंतीला लावला नाही. मग तशाच दाराबाहेर पडल्या आणि दुकानात गेल्या. दिवसभर आमचं दोघांचं कामात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी दुकान बंद करून त्या थेट आमच्याकडे आल्या आणि खुर्चीत बसल्या. मी विचारलंसुद्धा नाही. त्यांच्या पायातला डावा बूट काढून घेतला, आतला तळ उचलला, बोटं पार टोकापर्यंत फिरवली. चामडं अजून गरम होतं. दुसरं काहीच नव्हतं.

"काय शोधतेस गं?"

"टॉवेल."

"ते दुकानात आहेत," ताई म्हणाल्या. "चष्मेवाल्याला नाही सांगून आले. उद्या सकाळी तीन माना आहेत कापायला. म्हणजे, केस."