लाकडी लाटेचा शेंडा

मी लाट बोलते आहे. पाण्याची नव्हे, लाकडाची. डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरील एका गावाच्या सभागृहाचे मी छत. दोन उंचवटे आणि मधे एक खोलगट कूस, इतकाच माझा देह. त्यात सरळ रेषा औषधालाही नाही.

पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून, शिकंज्यात आवळून सुतारांनी मला वाकवले. दुखले का, असे विचारू नका, गुदगुल्या झाल्या. भिंतींवर चढले तेव्हा सारे गाव आपल्याबरोबर डोलते आहे असे वाटून मला भोवळ आली. ती आजतागायत उतरलेली नाही.

सभागृहाचे अध्यक्ष थॉर्किल मात्र नांगराच्या सरीसारखे सरळ. "हे छत आहे की आजारी गोगलगाय?" माझा आराखडा करणाऱ्या सिसेलला ते म्हणाले. "रविवारी मतदान घेतो. उतरवू हे, नि चांगलं दोन उतारांचं छप्पर चढवू."

छत चढले की शेंड्यावर पानांचे कडे बांधायचे आणि मालकाने सुतारांना बिअर-सॉसेजची मेजवानी द्यायची, ही आमची रीत. इथे मालकाच्या जागी थॉर्किल, आणि ते अडून बसले. "शेंडा कुठाय याला? शेंडा नाही तर कडं नाही, कडं नाही तर बिअर नाही!"

मेजवानी चुकवणाऱ्या मालकासाठीही सुतारांची एक रीत आहे. दुसऱ्या सकाळी माझ्या उंचवट्यावर गवताचा पुतळा उभा होता. डोक्यावर थेट थॉर्किल यांच्यासारखी चौकड्यांची टोपी.

"अध्यक्षमहाराज, वर बघा कोण आलंय!" सुतारांचा म्होरक्या एस्बेन ओरडला. "तहानेनं पार वाळलंय हो बिचारं!"

गाव खिदळले. थॉर्किल लालबुंद होऊन शिडी चढले.

"काका, फळ्या ओल्या आहेत!" सिसेल किंचाळली.

त्यांनी पुतळ्याला हिसडा दिला. पुतळा सुटला, पायही सुटले. पुतळ्याला कवटाळून ते माझ्या पाठीवरून सुर्रकन घसरले, समोरचा चढ अर्धा चढले, मागे आले, पुन्हा थोडे चढले आणि अखेर माझ्या कुशीत विसावले.

मग वरून हसू फुटले. असे गडगडाटी, की माझी तुळई न् तुळई थरथरली.

"एस्बेन! दोन उतारांचं छप्पर असतं, तर मी आत्ता कुठे असतो रे?"

"शेजारच्या कीर्स्टीनबाईंच्या कोबीत, काका!"

"मग मतदान गेलं उडत! बिअर आणा! आणि ते कडं इकडे फेका. शेंडा सापडला, मी त्यावरच बसलोय!"

तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी माझ्या कुशीतच कडे बांधले जाते. आता माझे लाकूड रुपेरी झाले आहे, थॉर्किल काठी टेकत येतात, वर पाहून पुटपुटतात, "एकदाच, अजून एकदाच..."

तुम्हीही कधी आलात, तर मान उंचावून मला पाहा. गरगरले तर घाबरू नका. तोल गेलेल्यांसाठीच तर मी वाकले आहे.